हलकं पिस्तूल, जड चाप

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. कारण सांगतो, आणि त्या कारणातच आजचा विषय आहे. माझ्या एका चुकीची कबुली द्यायची होती आणि त्यासाठी धीर गोळा करत होतो. (सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांचे बग शोधायचे पैसे मिळतात. स्वतःचा बग चारचौघांत सांगायचे कोणी देत नाही.)

तर झालं असं. माझा एक मामेभाऊ आहे, आम्ही सगळे त्याला बापू म्हणतो. राहणारा विट्याचा. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत हे सांगली जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी: जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देणं म्हणजे गलाई. बापूनं वीस वर्षं दक्षिणेत भट्टीपुढे काढली आणि आता गावात स्वतःचं छोटं दुकान टाकलंय. रात्री दुकान बंद करून माल घेऊन घरी जाताना त्याला भीती वाटते. भीती खोटी नाही. जून २०२३ मध्ये सांगलीत भरदिवसा सराफी दुकानावर सशस्त्र दरोडा पडला. तेव्हापासून आमच्याकडचा सराफ आत येणाऱ्या अनोळखी माणसाच्या तोंडाआधी त्याच्या हाताकडे बघतो.

बापूनं रीतसर अर्ज केला, चौकशी झाली, हेलपाटे झाले, परवाना मिळाला. मग मला फोन.

"भावा, तू इंजिनियर हाईस. कुठलं पिस्तूल घिऊ सांग की."

मी आयुष्यात एनसीसीच्या कँपात पाच गोळ्या झाडलेला माणूस. पण 'मला माहीत नाही' असं म्हणायची सवय आमच्या धंद्यात नाही. मी एक्सेल उघडलं. वजन, लांबी, जाडी, गोळ्या किती, किंमत किती. ९ मिमीचा प्रश्नच नव्हता, कारण ते बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून सगळी यादी.३२ ची. वजन जितकं कमी तितके गुण जास्त, लांबी जितकी कमी तितके गुण जास्त. बेरीज केली, क्रम लावला, पहिलं नाव बापूला कळवलं. त्यानं ते घेतलं.

आता कबुली. त्या एक्सेलमध्ये 'नेम लागतो का?' असा कॉलमच नव्हता. चाप ओढायला किती जोर लागतो, हा कॉलम नव्हता. मूठ बापूच्या हातात मावते का, हाही नव्हता. म्हणजे ज्या कामासाठी वस्तू घ्यायची ते काम सोडून बाकी सगळं मी मोजलं होतं.

साताऱ्याचा शनिवार

चूक कळली ती साताऱ्यात. माझं शाळेपर्यंतचं बालपण साताऱ्यात गेलं. तेव्हाचे आमचे शेजारी एक निवृत्त सुभेदार, मूळचे अपशिंग्याचे. अपशिंगे मिलिटरी हे गाव ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. घरटी फौजी असलेलं गाव ते. काकांना फोन केला, म्हटलं बापूला जरा हत्यार कसं धरायचं ते दाखवा. काका म्हणाले, "घेऊन ये त्याला. आणि तूपण ये. तूच घ्यायला लावलंस ना?" फौजी माणसापासून काही लपत नाही.

परवाना असलेल्या एका रेंजवर गेलो. सात मीटरवर कागद लावला. सात मीटर म्हणजे फार नव्हे, आपल्या दोन खोल्यांची लांबी. बापूनं दहा गोळ्या झाडल्या. कागदावर चार. त्या चारही खाली, डावीकडे. बाकीच्या सहा कुठे गेल्या ते मागच्या मातीच्या बांधाला ठाऊक.

बापूचा चेहरा पडला. "काका, पिस्तूल खराब लागलं वाटतं. नळी बारकी हाय न्हवं, नेम कसा लागंल?"

काका काही बोलले नाहीत. पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं, स्वतः गोळ्या भरल्या आणि सावकाश दहा झाडल्या. दहाच्या दहा कागदावर, आणि त्याही चहाच्या बशीत मावतील एवढ्यात. तीच बारकी नळी, तीच गोळी.

मग त्यांनी मॅगझिनमध्ये बापूला न सांगता मध्येच एक डमी काडतूस घातलं. बापूनं दोन गोळ्या झाडल्या, तिसऱ्या वेळी चाप ओढला आणि आवाजच झाला नाही. पण पिस्तुलानं मात्र जोरात मान खाली घातली. सगळ्यांनी बघितलं. बापूनंही बघितलं.

"दिसलं का?" काका म्हणाले. "गोळी सुटायच्या आधीच तू नळी खाली दाबतोयस. आवाजाची वाट बघतोयस लेका, नेमाची नाही."

नळीवर आळ घेऊ नका

आता माझ्या आजच्या भांडणाकडे येतो. भांडण आहे ते 'लहान आणि हलकं म्हणजे वापरायला सोपं' या समजुतीशी. मोबाईलच्या बाबतीत ती खरी असेल, पिस्तुलाच्या बाबतीत ती साफ उलटी आहे. आणि दुसरी समजूत, 'नळी आखूड म्हणून नेम लागत नाही', तीही चूक. लहान पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरून झाडलं तर सात-दहा मीटरवर ते गोळ्या अगदी जवळजवळ घालतं. यंत्र नेमकंच असतं. त्या यंत्रातून नेम काढणं माणसाला अवघड जातं, आणि ते का, याची कारणं मोजता येतात.

काकांकडे ताणकाटा होता. रिकाम्या पिस्तुलाच्या चापाला तो अडकवून बघितला. पहिल्या गोळीला, म्हणजे घोडा खाली असताना, काटा साडेपाच किलोपर्यंत गेला. पिस्तुलाचं वजन साधारण अर्धा किलो. म्हणजे अर्धा किलोची वस्तू हवेत स्थिर धरायची आणि त्याच हाताच्या एका बोटानं तिच्यावर तिच्या अकरा पट जोर लावायचा. डुगडुगणाऱ्या स्टुलावरचा घट्ट बसलेला बाटलीचा बूच एका हातानं काढून बघा, म्हणजे कळेल.

आता याच्या शेजारी स्पर्धेचं पिस्तूल ठेवू. १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारात चापाला किमान ५०० ग्रॅम जोर लागलाच पाहिजे असा नियम आहे, आणि पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलोचं चालतं. प्रत्यक्षात ती किलोभराच्या आसपास असतात. म्हणजे गुणोत्तर अर्धं. २५ मीटरच्या .२२ स्पोर्ट पिस्तुलात चाप किमान १ किलोचा आणि वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम. गुणोत्तर एकच्या आसपास. आणि बापूच्या कमरेचं? अकरा.

माझ्या मते पिस्तूल घेताना सगळ्यांत आधी विचारायचा आकडा हाच: चापाचा जोर भागिले पिस्तुलाचं वजन. माझ्या एक्सेलनं वजन कमी करत करत हा आकडा नेमका वाढवत नेला होता.

दुसरं कारण साईटचं. मागची खाच आणि पुढचं टोक यांच्यातलं अंतर लहान पिस्तुलात १० सेंटीमीटरच्या आसपास असतं. समजा पुढचं टोक खाचेच्या मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर सरकलं. शाळेतलंच त्रैराशिक: १०० मिमीला अर्धा, तर १० मीटरला ५० मिमी. दोन इंच गेले. तेच एअर पिस्तुलात दोन्ही साईटमधलं अंतर ३६ सेंटीमीटर धरलं तर चूक भरते १४ मिमी. हात तोच, डोळा तोच, चूक तीच. फक्त लहान पिस्तूल ती साडेतीन पट मोठी करून दाखवतं.

यातच एक दिलासाही आहे. हात थरथरतो म्हणून लोक घाबरतात. पण अख्खं पिस्तूल सरळच्या सरळ ५ मिमी बाजूला सरकलं, तर कागदावरही गोळी ५ मिमीच सरकते. नुकसान होतं ते पिस्तूल तिरपं झाल्यानं. हात हलला तर हलू द्या. टोक खाचेत स्थिर ठेवा आणि चाप हळू आणा. काका हे एका वाक्यात सांगतात: "लक्ष्य धूसर दिसू दे, टोक धूसर नको."

तिसरं कारण मुठीचं. बापूचा हात गलाईवाल्याचा, रुंद. त्या पिस्तुलावर त्याची दोनच बोटं बसतात, करंगळी अधांतरी लोंबते. पकड अपुरी, म्हणून तो आवळतो. आवळलं की सगळी बोटं एकदम मिटतात आणि पिस्तूल खाली डावीकडे जातं. कागदावरच्या चार भोकांची सही तीच होती.

'बायकांसाठी खास'

हा गैरसमज फक्त माझ्या एक्सेलचा असता तर मी गप्प बसलो असतो. पण तो सरकारी पातळीवरही होऊन गेला आहे. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या आयुध निर्माणीनं 'निर्भीक' नावाचं .३२ चं रिव्हॉल्वर काढलं. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, खास महिलांसाठी म्हणून. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि दागिन्याच्या डबीसारख्या खोक्यात. कौतुक कशाचं? हलकं आहे आणि पर्समध्ये मावतं याचं.

आता वरचं गुणोत्तर लावून बघा. घोडा आधी न चढवता रिव्हॉल्वर चालवायचं तर सर्वसाधारणपणे चार-पाच किलो जोर लागतो. ज्या बाईनं कधी हत्यार धरलेलं नाही, जिचं बोट तुलनेनं लहान आहे, तिला सगळ्यांत हलकं आणि म्हणूनच झाडायला सगळ्यांत अवघड साधन द्यायचं, आणि वर ते तिच्या सोयीचं म्हणून विकायचं! नवशिक्याला सायकल शिकवताना आपण सर्कशीतली एका चाकाची देत नाही, 'एक चाक कमी म्हणजे हलकी' असं म्हणून.

बाई-पुरुष हा प्रश्नच नाही हे बघायला सांगलीहून फार लांब जावं लागत नाही. शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत तिची आणि थायलंडच्या स्पर्धकाची ३४-३४ अशी बरोबरी झाली. मग एक शूट-ऑफ, त्यातही बरोबरी, मग दुसरा, आणि सुवर्ण. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या प्रकारात हात खाली ठेवून थांबायचं, दिवा लागला की तीन सेकंदांत एका हातानं उचलून एक गोळी. असं पुन्हा पुन्हा. तिचं पिस्तूल किलोच्या वरच्या वजनाच्या जातीचं असतं, पर्समध्ये मावणारं नव्हे. तिला कोणी 'हलकं देऊ का ताई?' असं विचारलं नसेल अशी आशा.

तुम्ही म्हणाल...

एक: "हे सगळं स्पर्धेचं झालं. खऱ्या प्रसंगात समोरचा तीन मीटरवर असतो, साईट कोण बघतंय?" कबूल. तीन मीटरवर साईटची अर्ध्या मिलिमीटरची चूक फार नडत नाही. पण चापाची नडते. पिस्तूल १५ सेंटीमीटर लांब धरा. घाबरून खेचताना नळीचं टोक ५ मिमी खाली झुकलं, तर तीन मीटरवर गोळी १० सेंटीमीटर खाली जाते आणि सात मीटरवर २३ सेंटीमीटर. आणि बापूचं दुकान पेठेत आहे. समोर भेळेची गाडी, शेजारी क्लासला जाणारी पोरं. त्या दिवशीच्या सहा गोळ्या बांधाच्या मातीत गेल्या. पेठेत मातीचा बांध नसतो.

दोन: "मग चाप हलका करून घ्यावा." अजिबात नको. कमरेला बाळगायच्या पिस्तुलाचा चाप जड ठेवतात तो मूर्खपणानं नव्हे. तो घाईत, अंधारात, कपड्यात अडकून सुटू नये म्हणून. स्पर्धेचं पिस्तूल रेंजवर असतं, कमरेवर नसतं. म्हणून तर वजन थोडं जास्त, मूठ पूर्ण हाताची आणि चाप अडखळत न येता एकसारखा येणारा, असं मधलं काहीतरी बघायचं. बाळगायला दोनशे ग्रॅम जास्त पडले तर पडू देत.

तीन: "पॅरिसमध्ये तो तुर्की बाबा नाही का, एक हात खिशात घालून?" होय, युसुफ डिकेच. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूल मिश्र दुहेरीत रौप्य, आणि जगभर फोटो. आपल्याकडे त्याचा अर्थ 'साधनाची गरज नाही' असा काढला गेला. अहो, त्याच्या हातात कमरेचं पिस्तूल नव्हतं! नेमबाजीसाठीच घडवलेलं, पंज्याच्या मापाची लाकडी मूठ असलेलं यंत्र होतं. खिशातला हात सगळ्यांनी बघितला, पुढचा हात कोणी बघितलाच नाही.

चार: "आमच्या मुलखाला हत्यार काय नवीन आहे?" नवीन नाहीच. इथल्याच कुंडल-वाळव्याच्या बाजूनं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात तुफान सेनेची पोरं तयार झाली. त्यांच्याकडे हत्यारं मोजकी होती आणि प्रत्येक काडतुसाची किंमत त्यांना माहीत होती. आज वाढदिवसाच्या स्टेटसवर पिस्तूल तिरपं धरून फोटो टाकणाऱ्याला काडतुसाची काय, मुठीचीसुद्धा किंमत माहीत नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वारसा सांगायचा तर शिस्तीचा सांगा, फोटोचा नको.

कागद आणि कागद

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यासाठी अर्जदारानं हत्यार सुरक्षित हाताळायचं आणि झाडायचं प्रशिक्षण घ्यावं अशी तरतूद आहे. चांगली तरतूद आहे. बापूकडेही तसं प्रमाणपत्र आहे. मी त्याला विचारलं, तिथे काय शिकवलं? म्हणाला, एक दुपार गेलो, थोडं भाषण झालं, काही गोळ्या झाडल्या, सही झाली. गोळ्या कागदावर लागल्या का, हे कोणी बघायला गेलं नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. आपण अर्जाचे सगळे कागद तपासतो, फक्त टार्गेटचा कागद तपासत नाही. गाडीच्या परवान्याला निदान आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. पिस्तुलाच्या परवान्याला सात मीटरवर दहापैकी दहा गोळ्या ताटाएवढ्या कागदात लागल्या पाहिजेत, आणि त्याही जे हत्यार घेणार त्याच जातीच्या हत्यारानं, एवढी साधी अट असायला काय हरकत आहे? नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा. ज्याला जमत नाही त्यानं शिकून यावं. हा अपमान नाही. पेठेतल्या बाकीच्या लोकांचा तो हक्क आहे.

पुढं काय झालं

काकांनी बापूच्या हातात रेंजवरचं .२२ चं टार्गेट पिस्तूल दिलं. त्याच दुपारी, त्याच हातानं, बापूच्या दहाच्या दहा गोळ्या कागदावर. बापू कागद घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "मर्दा, म्हंजी माझा हात वाईट न्हाई!" नव्हताच.

मग दोन तास एकच काम. पिस्तूल रिकामं, गोळ्या दुसऱ्या टेबलावर, दोघांनी तपासलेलं. पुढच्या साईटमागे सपाट जागेवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. पहिल्या वीस वेळा नाणं खाली. चाळिसाव्या वेळी थांबायला लागलं. दुसऱ्या हाताचा आधार कसा द्यायचा, अंगठे कुठे ठेवायचे, करंगळीला जागा मिळावी म्हणून मॅगझिनच्या बुडाला पट्टी कशी येते, हेही दाखवलं. संध्याकाळी पुन्हा त्याच लहान पिस्तुलानं दहा गोळ्या. आठ कागदावर. दोन अजून बांधात.

"मग विकू का काका हे?"

"विकू नको. पण त्या दोन बांधात जायच्या थांबेपर्यंत कमरेला लावू नको. लॉकरमध्ये ठेव."

बापूनं ऐकलं. आता दर महिन्याला तो साताऱ्याला जातो. एरवी घरी एअर पिस्तुलावर सराव करतो. (.१७७ बोअरचं आणि २० ज्यूलच्या आतलं असेल तर त्याला परवाना लागत नाही. नेम शिकायला याहून स्वस्त मास्तर नाही.) रात्री माल घरी न्यायचं बंद केलंय, दुकानातच चांगली तिजोरी बसवली. माझ्या मते त्याच्या सुरक्षिततेसाठी झालेलं सगळ्यांत मोठं काम ते, आणि त्यात नेम लागतच नाही.

आणि मी? एक्सेल डिलीट केलेलं नाही. त्यात तीन कॉलम वाढवले: चापाचा जोर भागिले वजन, करंगळी बसते का, आणि शेवटचा, स्वतः घेणाऱ्यानं त्याच पिस्तुलानं दहात किती मारल्या. शेवटच्या कॉलमला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गुण. आणि तो मला पुण्यात बसून भरता येत नाही.

असो. पुढच्या शनिवारी परत संगणकाबद्दल लिहीन. तिथं चूक झाली तर निदान कोणाच्या अंगावर येत नाही.

ता.क. काकांना हा लेख वाचून दाखवला. म्हणाले, "एवढं कशाला लिहिलंस? चाप हळू ओढा, एवढंच लिहायचं."